उसावरचा निबंध आणि घरचा ऊस

पत्राचा सारांश : लातूर जिल्ह्यातील एका गावाहून पुण्यात येऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या एका वाचक भगिनीला निबंधाच्या सरावात सतत मध्यम गुण मिळतात. अलीकडचा विषय होता, ‘मराठवाड्यातील ऊस लागवडीवर बंदी घालावी’. शिकवणी वर्गात ‘दोन्ही बाजू सारख्या लिहा, टोकाची भूमिका घेऊ नका’ असे सांगितले जाते, म्हणून त्यांनी निम्मा निबंध बंदीच्या बाजूने आणि निम्मा विरोधात लिहिला व शेवटी सुवर्णमध्य साधण्याची गरज व्यक्त केली. तपासून आलेल्या कागदावर शेरा होता, ‘माहिती चांगली, मत दिसत नाही.’ घरी वडिलांचा दोन एकर ऊस आहे आणि शिक्षणाचा खर्च त्यातूनच झाला, त्यामुळे बंदीच्या बाजूने लिहिणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटते. विरोधात लिहावे तर उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहणारे आपलेच गाव आठवते. लिहायला बसण्यापूर्वी मत ठाम असावे लागते का, परीक्षकाला न पटणारे लिहिले तर गुण जातात का आणि मोजक्या वेळात आराखडा करत बसणे परवडते का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

तुमचे पत्र वाचताना प्रथम जाणवले ते हे की, तुमच्याकडे या विषयावर मत नाही असे अजिबात नाही. उलट दोन मते आहेत, दोन्ही अनुभवातून आलेली आहेत आणि ती एकमेकांशी भांडत आहेत. मतप्रधान निबंधासाठी याहून चांगले भांडवल क्वचितच मिळते. अडचण अशी झाली की, हे भांडण निबंधात उतरण्याऐवजी तुम्ही दोन्ही पक्षांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि शेवटी दोघांनाही ‘तुमचेही बरोबर’ असे सांगून निरोप दिला.

यात तुमचा दोष फारसा नाही. शाळेत आपण सर्वांनी ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध लिहिलेला असतो. त्याचा साचा ठरलेला असतो : आधी वरदान, मग शाप, आणि शेवटी ‘विज्ञान वाईट नाही, माणसाने त्याचा उपयोग कसा करावा हे महत्त्वाचे’. हे वाक्य खोटे नाही, पण ते विज्ञानाबद्दल जितके खरे आहे तितकेच सुरीबद्दल, दूरदर्शनबद्दल आणि भ्रमणध्वनीबद्दलही खरे आहे. जे वाक्य कोणत्याही विषयाच्या शेवटी चालते, ते त्या विषयाबद्दल काहीच सांगत नाही. ‘ऊस आणि पाणी यांचा सुवर्णमध्य साधला पाहिजे’ हे तुमचे वाक्य त्याच जातीचे आहे. किती ऊस, कोणत्या पाण्यावर, कोणी आणि कशाच्या बदल्यात कमी करायचा, यातले काही त्यात नाही.

समतोलाची अपेक्षा चुकीची आहे असे मी म्हणत नाही. तो कोठे दाखवायचा याबाबत तुमचा गैरसमज झाला आहे, एवढेच. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशी मांडणीची जुनी शिस्त आहे. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि ते त्याने स्वतः मांडले असते तितक्याच ताकदीने मांडायचे असते. पण तेथे थांबायचे नसते, कारण त्याचे उत्तर देऊन सिद्धान्तापर्यंत जाणे हे मांडणाऱ्याचेच काम असते. समतोल दिसतो तो पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडण्यात. त्यासाठी निकाल राखून ठेवावा लागत नाही.

आता परीक्षकाची भीती. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २५० गुणांची असते, तीन तासांत प्रत्येकी सुमारे १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात, आणि राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे तेथेही निबंधाला २५० गुणांचे स्थान मिळाले आहे. केंद्रीय आयोगाच्या अभ्यासक्रमात निबंधाविषयी जे सांगितले आहे ते थोडक्यात असे : विषयाला धरून राहावे, विचारांची क्रमवार मांडणी करावी, आटोपशीर लिहावे आणि नेमक्या, परिणामकारक शब्दांना श्रेय मिळेल. ‘दोन्ही बाजू सारख्या शब्दांत’ अशी अट त्यात कोठेही नाही. परीक्षकाला तुमचे मत पटावे लागत नाही. तुम्ही त्या मतापर्यंत कसे पोहोचलात हे त्याला दिसावे लागते. आक्रस्ताळे, एखाद्या समाजाला वा पक्षाला झोडपणारे लिखाण गुण घालवते हे खरे, पण तुमची प्रकृती त्याच्या दुसऱ्या टोकाची आहे, त्यामुळे तो इशारा तुम्ही स्वतःवर ओढवून घेऊ नका.

लिहिण्याआधी विषयाला एक प्रश्न विचारावा : येथे वाद नेमका कशाबद्दल आहे? वस्तुस्थितीबद्दल, मूल्याबद्दल की उपायाबद्दल? १८९१ च्या संमतिवयाच्या, म्हणजे मुलींचे शरीरसंबंधासाठीचे संमतीचे वय वाढवणाऱ्या विधेयकावरून टिळक आणि आगरकर यांच्यात जो प्रसिद्ध मतभेद झाला, तो केवळ ‘सुधारणा हवी की नको’ एवढ्यापुरता समजला तर निम्मा हातातून निसटतो. परक्या सरकारने कायदा करून ती घडवावी का, हा टिळकांच्या विरोधाचा एक महत्त्वाचा मुद्दा होता, तर आगरकर कायद्याच्या बाजूने उभे होते. वादाची जागा चुकली की उत्तर कितीही चांगले असले तरी ते भलत्याच प्रश्नाचे ठरते. तुमच्या विषयातले ‘बंदी घालावी’ हे शब्द पाहा. उसाला पाणी फार लागते का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. शेतकऱ्याचे पीक निवडण्याचे स्वातंत्र्य मोठे की गावाचे पिण्याचे पाणी, हा मूल्याचा. विषय मात्र एका विशिष्ट सरकारी उपायाबद्दल विचारतो आहे. तुम्ही बंदीच्या बाजूच्या निम्म्या निबंधाचा मोठा भाग ऊस किती पाणी पितो हे सिद्ध करण्यात घालवला, आणि ते तर बंदीचे विरोधकही सहसा नाकारत नाहीत.

मत आधीच ठाम हवे का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते कसे तयार होते हे तुमच्याच विषयावर करून पाहू. कच्च्या कागदावर सर्वप्रथम एकच वाक्य लिहा, पण त्यात ‘कारण’ हा शब्द असलाच पाहिजे. समजा, तुम्ही लिहिले : ‘मराठवाड्यात उसावर सरसकट बंदी घालू नये, तर ठिबक सिंचनाची सक्ती करावी, कारण प्रश्न पिकाचा नसून मोकाट पाणी देण्याचा आहे.’ हे वाक्य सुवर्णमध्यापेक्षा पुष्कळ बरे आहे, कारण ते चुकीचे ठरू शकते. आता त्याखाली एखादा जाणकार विरोधक काय म्हणेल ते लिहा, आणि सोपा विरोधक निवडू नका. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात लाभक्षेत्रातील (धरण-कालव्याचे पाणी मिळणाऱ्या क्षेत्रातील) बारमाही पिकांना ठिबक, तुषार किंवा तत्सम पाणी वाचवणाऱ्या पद्धतीची अट घालण्याची तरतूद आहेच; २०१७ साली राज्य सरकारने उसाला ठिबक बंधनकारक करण्याचे धोरणही जाहीर केले. मग नवी सक्ती आणून काय बदलणार? शिवाय मराठवाड्यातला पुष्कळसा ऊस कालव्यावर नसून विहिरीवर आणि बोअरवर आहे, आणि लाभक्षेत्राची तरतूद तेथे पोहोचतच नाही. भूजलासाठी वेगळा राज्य अधिनियम आहे, तो २००९ चा, २०१४ पासून अमलात आलेला, आणि शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घेण्यास त्यात मनाई आहे. तुमच्या शिवारातल्या बोअरची खोली तुम्हाला माहीत असेल, म्हणून अंमलबजावणीबद्दल मी वेगळे काही सांगत नाही.

येथे तुमचे पहिले वाक्य डगमगते, आणि ते डगमगणे हीच आराखड्याची कमाई आहे. नियम असूनही ऊस वाढतो, तर शेतकरी त्याकडे का वळतो? याचे उत्तर तुम्हाला घरून माहीत आहे. उसाला रास्त व किफायतशीर दर कायद्याने ठरलेला असतो (२०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३४० रुपये), ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर असते, आणि ते पैसे लांबले तरी ऊस बांधावर पडून राहून भाव पडण्याची धास्ती नसते. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, आणि लातूरसारख्या सोयाबीनच्या मोठ्या बाजारपेठेतही शेतकऱ्याला बराच काळ त्याहून कमी भावाने माल विकावा लागला. एका पिकाला भावाची आणि खरेदीची हमी, दुसऱ्याला भावाची घोषणा, असा हा फरक आहे. तेव्हा दुसऱ्या फेरीत वाक्य असे होऊ शकेल : ‘मराठवाड्यात ऊसबंदी घालू नये, कारण शेतकरी उसाकडे खात्रीच्या उत्पन्नासाठी वळतो, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याला तशी खरेदीची खात्री न देता घातलेली बंदी बोअरवरच्या उसापर्यंत पोहोचणार नाही आणि जेथे पोहोचेल तेथे फक्त लहान शेतकऱ्याला बुडवेल.’ तुम्हाला याच्या नेमके उलटही वाटू शकते, म्हणजे पिण्याच्या पाण्यावर इतका ताण असताना भावाची व्यवस्था सुधारेपर्यंत थांबता येणार नाही, तुटीच्या खोऱ्यांत नव्या लागवडीला आजच मनाई हवी आणि शेतकऱ्याला भरपाई द्यावी. दोन्हींवर उत्तम निबंध होऊ शकतो. माझा कल पहिल्याकडे आहे, पण दुसरे मत घेऊन आलेल्या उमेदवाराने भरपाई कोण आणि किती वर्षे देणार याचे उत्तर दिले, तर मी त्याला कमी गुण देणार नाही.

या वाक्यावरून निबंधाचा सांगाडा जवळजवळ आपोआप मिळतो. त्यातील प्रत्येक दावा एकेका परिच्छेदाची मागणी करतो : खात्रीचे उत्पन्न कसे, बंदी पोहोचणार का नाही, लहान शेतकरी कसा बुडतो. त्यानंतर पूर्वपक्ष येतो, ‘टँकरने पाणी पिणाऱ्या गावाने तोवर काय करायचे?’ आणि त्याचे उत्तर. हा पूर्वपक्ष शेवटच्या दोन ओळींत उरकू नका. त्याला निबंधाचा चतुर्थांश तरी द्या आणि जमल्यास मध्याच्या थोडे पुढे ठेवा, म्हणजे उत्तर दिल्यावर स्वतःची बाजू पुन्हा उभी करायला जागा राहते. प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पिण्याच्या पाण्याला पहिले प्राधान्य हवे, धरणातला साठा ठरावीक पातळीखाली गेला की उसाचे आवर्तन (कालव्यातून सोडली जाणारी पाण्याची पाळी) थांबवावे, हे बंदीविरोधी निबंधातही स्वच्छ लिहिता येते, आणि तसे लिहिल्याने तुमचे मत अधिक टिकाऊ होते.

पुराव्यांबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या निबंधात माहिती भरपूर होती आणि तरी तिचा उपयोग झाला नाही. राज्यातील पिकांखालच्या क्षेत्राच्या सुमारे चार टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, असे वारंवार सांगितले जाते आणि तुम्हीही लिहिले आहे. पण तो आकडा संपूर्ण महाराष्ट्राचा म्हणून सांगितला जातो. कृष्णाकाठचा ऊस त्यात येतो. मराठवाड्याबद्दलच्या दाव्याखाली तो तसाच ठेवला तर जाणकार वाचक तेथेच थांबेल. तीच गोष्ट लातूरच्या पाणीगाडीची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे चित्र प्रभावी आहे आणि ते वापरण्याचा मोह होणारच. मात्र त्याआधी २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला होता, हे शेजारी लिहिल्याशिवाय ‘उसाने लातूर तहानलेले ठेवले’ असा निष्कर्ष काढता येत नाही. (ज्या सांगली जिल्ह्यातून ती गाडी निघाली, तो स्वतःच उसाचा जिल्हा आहे, ही गंमत कोणत्याच बाजूच्या निबंधात सहसा दिसत नाही.) प्रत्येक आकड्यापुढे कच्च्या कागदावर ‘यावरून काय सिद्ध होते’ हे चार शब्दांत लिहून पाहा, लिहिता आले नाही तर तो आकडा वगळा. नेमका आकडा आठवत नसेल तर तो ठोकून देण्यापेक्षा ‘बारमाही पीक असल्याने उसाला सोयाबीनच्या कितीतरी पट पाणी लागते’ असे साधे, निर्विवाद विधान पुरते.

पाठ केलेल्या सुभाषितांनी आणि थोरांच्या वचनांनी निबंधाची सुरुवात करण्याची पद्धत मला फारशी मानवत नाही. ‘पाणी म्हणजे जीवन’ या वाक्याने सुरू होणारे निबंध परीक्षकाने एका बैठकीत किती वाचले असतील याची कल्पना करा. सुरुवातीला वादाची जागा दाखवावी आणि पहिल्या किंवा दुसऱ्या परिच्छेदाअखेर आपले मत सांगून टाकावे. ते शेवटपर्यंत झाकून ठेवल्याने उत्कंठा वाढत नाही, फक्त वाचणारा चाचपडत राहतो. समारोपही फार लांबवू नये. आपला उपाय कोणत्या अटीवर यशस्वी होईल किंवा फसेल हे सांगितले तरी शेवट होतो.

वेळेचे गणित अवघड नाही. एका निबंधाला दीड तास धरला तर वीस ते पंचवीस मिनिटे आराखड्याला देऊनही लिहायला तासाभराहून अधिक वेळ उरतो, आणि साठ-पासष्ट मिनिटांत अकराशे शब्द म्हणजे मिनिटाला सतरा-अठरा शब्द, जे सरावाने सहज जमते. खरा वेळ वाया जातो तो लिहिता लिहिता पुढे काय हे शोधण्यात. पंचवीस मिनिटांतली पहिली दहा मात्र मुद्दे गोळा करण्यात घालवू नका. आधी ते ‘कारण’ असलेले वाक्य, मग विरोधकाचे वाक्य, मग दुरुस्त वाक्य, आणि त्यानंतर त्याला लागतील तेवढेच मुद्दे. ऊसतोड मजुरांचे स्थलांतर, इथेनॉल, सहकारी कारखान्यांचे राजकारण हे सगळे तुम्हाला माहीत आहे हे मला निबंधावरून कळले. पण तुमच्या वाक्याला त्यातले जे लागत नाही ते बाहेर ठेवण्याचा धीर त्या कागदावरच करावा लागतो.

वडिलांबद्दलचा संकोच मी हलका समजत नाही. तरीही एक भेद सुचवावासा वाटतो : एखाद्या धोरणाविषयी मत मांडणे आणि त्या धोरणाखाली जगणाऱ्या माणसाला दोष देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या वडिलांनी ऊस लावला तो समोर असलेल्या भावांच्या आणि खात्रीच्या हिशेबाने. उद्या ते हिशेब बदलावेत असे तुम्ही लिहिले तर तो त्यांच्या श्रमांचा अपमान होत नाही. उलट ही माहिती परीक्षेच्या खोलीत तुमच्याइतकी फार थोड्यांकडे असेल. ‘माझ्या घरी’ असे लिहिण्याची गरज नाही आणि परीक्षेत ओळख उघड होईल असे काही लिहूही नये, पण खोडव्याचा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा वाढवलेल्या पिकाचा) खर्च नव्या लागणीपेक्षा कमी का असतो, कारखान्याची तोडणीची पाळी यायला किती वाट पाहावी लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याचा परिच्छेद वेगळा उमटतो. निबंध लिहून झाल्यावर तो त्यांना वाचून दाखवा. पटले का, असे विचारू नका. ‘ऊस लावणाऱ्याची बाजू मी नीट मांडली का?’ एवढेच विचारा आणि ते जे दुरुस्त करतील ते त्या बाजूच्या परिच्छेदात घाला. त्यांनी निष्कर्ष नाकारला तरी चालेल.

हाच मार्ग इतर वाचकांनाही चालावा, मग ते महाविद्यालयीन स्पर्धेसाठी लिहीत असोत किंवा वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांच्या सदरासाठी. तीनशे शब्दांच्या पत्रात पूर्वपक्षाला एकच वाक्य मिळेल, एवढाच फरक. अनेकांची तक्रार असते की, अलीकडच्या प्रश्नपत्रिकांत ऊसबंदीसारखे ठोस विषय कमी आणि एखाद्या सुविचारासारखे अमूर्त विषय अधिक येतात. तेथे पद्धत बदलत नाही, फक्त एक पायरी वाढते : त्या सुविचाराला आधी एका ठोस प्रसंगात उतरवून, तो कोठे खरा ठरतो आणि कोठे लंगडा पडतो हे पाहावे, आणि मग ‘कारण’ असलेले वाक्य लिहावे. समजा, स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांच्याविषयीचे एखादे मोघम वचन विषय म्हणून आले. बोअर स्वतःच्या शेतात असला तरी त्याखालचे पाणी कोणाचे, हा प्रश्न तुमच्याकडे तयारच आहे. पुढच्या आठवड्यात वर्गात कोणताही विषय आला तरी पूर्ण निबंध लिहू नका. दोन विषयांची फक्त तीन-तीन वाक्ये लिहून शिक्षकांना दाखवा, पहिले मत, त्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप आणि दुरुस्त मत. तिसरे वाक्य पहिल्यासारखेच राहिले असेल तर आक्षेप पुरेसा कठीण नव्हता असे समजा आणि दुसरा शोधा.